डोंगराचं ‘हं’

...आणि वर मलाच विचारतात, ‘‘काका, कार्टूनमध्ये तुमचं काय काम?’’ घ्या! अहो, तुम्हाला सांगतो, माणसांच्या सिनेमात नट निदान चपला तरी घासत चालतो, चित्रातली पोरगी बर्फातून पळते ती मुकी, तिचे पाय म्हणजे मी, मैद्याच्या पिशव्या दोन्ही हातांनी कचाकचा दाबणारा, सातवीत दोनदा मुक्काम ठोकलेला टकल्या म्हातारा! घुबड उडालं की माझी छत्री उघडमीट, वाघानं हाड फोडलं की माझं गाजर... आवाज आपोआप येत नाही हो, तो कोणीतरी काढावा लागतो!

तर तो झोपलेल्या डोंगराचा सिनेमा. घरोघरी पोरांनी बघून बघून झिजवला तो! त्यात डोंगर घोरतो. आमची डायरेक्टर माझ्या लेकीच्या वयाची, कानावर सदा हेडफोन. म्हणाली, ‘‘काका, घोरणं पोटातून हवं.’’ मी घोरलो. ‘‘हा डोंगर नाही, हे टेकाड झालं,’’ म्हणे! मग मला आठवली आमची ही. दुपारी जेवून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली की अशी घोरते, वाटावं शेजारी कोणी कपाट ओढतंय... एका दुपारी ठेवला तिच्या उशीशी माईक, यंत्र चालू केलं, बाहेरून कडी घातली नि सटकलो. घरात ती एकटी.

संध्याकाळी स्टुडिओत ऐकतोय... घोरणं फर्स्टक्लास! मध्येच ही झोपेत बरळली, ‘‘दूध झाकलंत का?’’ आणि लगेच, माईकच्या अगदी जवळ, जाड, सावकाश...

‘‘हं.’’

डायरेक्टर खुर्चीतून उठलीच. ‘‘काका, हे कोण?’’

आता काय सांगू? थापा मारण्यात जन्म गेला, जीभ आपली आपण वळली, ‘‘मीच की!’’ पण पाठीवर सर्रकन काटा आला. कारण आवाज आपोआप येत नाही हो...

ते ‘हं’ गेलं सिनेमात. पोरगी विचारते, ‘जागा आहेस का?’ डोंगर म्हणतो, ‘हं.’ थेटरातली पोरं आधी चिडीचूप, मग काय किंचाळली! आमची नात तर माझ्या शर्टात घुसली. आणि शेवटी पडद्यावर नावं आली त्यात ‘डोंगर’ म्हणून मी! मिरवलो की हो...

आता निघाला दुसरा भाग, नि त्यात मेला डोंगर जागा होतो. म्हणजे ‘हं’वर ‘हं’! मी काचेच्या खोलीत उभा राहून नाकातून काढलं, घशातून काढलं, हंड्यात तोंड घालून काढलं. डायरेक्टरची मान आडवीच. ‘‘काका, परवापर्यंत तो आवाज आणा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.’’ दुसरा माणूस? अगं बाई, पहिलाच कुठे सापडलाय!

दुपारी घरी पुन्हा माईक. या वेळी मी हेडफोन लावून दाराआड बसलो. दुपारचं घर कसं होतं ठाऊक आहे? नळसुद्धा ठिबकायचा थांबतो. ही भिंतीकडे तोंड करून बोलत होती, ‘‘थोरलीचा फोन नाही आला... गुडघा ठणकतोय हो फार...’’ आणि प्रत्येक वाक्यामागे, माझ्या कानात, ‘‘हं... हं...’’ आवाज आपोआप येत नाही हो, कोणीतरी... डोकावून बघतो तर पलंगावर ती एकटी. पण पलंगाची माझी बाजू... चांगली खाली दबलेली!

हातातलं यंत्र धाडकन पडलं. ही वळली. आधी दारातल्या मला बघितलं, मग शेजारच्या रिकाम्या गादीला.

‘‘अहो, तुम्ही तिथे?’’

‘‘अगं, दुपारी मी असतो कुठे? तू भिंतीकडे वळलीस की मी चाललो पत्ते कुटायला!’’

‘‘रोज?’’

‘‘लग्न झाल्यापासून!’’

तुम्हाला वाटलं असेल, किंचाळली असेल, पळाली असेल. छे! उशी थोपटून शांतपणे म्हणते कशी, ‘‘तरीच! मी म्हणायची, सकाळ-संध्याकाळ माझं एक अक्षर ऐकत नाही, या माणसाला दुपारीच कसा एवढा समजूतदारपणा येतो?’’ आणि त्या दबलेल्या गादीकडे वळून, अगदी घरातल्या आवाजात, ‘‘अहो, ऐकलंत ना सगळं? मग आता यांना ठेवायचं का घरात?’’

मी दारात, हेडफोन दोन्ही कानांवर दाबून...

काय सांगू तुम्हाला, अजून त्याचं ‘हं’ आलेलं नाही. तोवर माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत आहे.