शकूताईचं बोलणं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, तुम्हीही दम खा! आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय. हट्ट कशाला म्हणायचं आणि निश्चय कशाला?

हसू नका मावशी! तुमचा नातू मोबाइलसाठी फरशीवर लोळतो, तो हट्ट. एवढं सगळ्यांना कळतं. पण तेच पोर पखवाज शिकायला बसलं, बोटं सुजली तरी उठेना, तर शेजारी काय म्हणतात? काय हट्टी पोरगं आहे! म्हणजे शब्द तोच की हो. मग फरक कुठं आहे? मी नाही सांगत. एक चौदा वर्षांची मुलगी सांगेल, ऐका.

बालाघाटाच्या डोंगरात एक तालुक्याचं गाव. तिथल्या एसटी स्टँडावर शकूताई ढवारे कॅन्टीन चालवायची. नवरा अकाली गेला, तेव्हा थोरल्या भावानं तिला आणि तिच्या लेकीला घरी आणलं. भाऊ म्हणजे भालचंद्र गुरुजी, शाळेत मराठी शिकवायचे. माणूस देवमाणूस, पण अंगात गुरुजी फार! पत्रिकेतसुद्धा चूक दिसली तर लग्नाला जाऊन यजमानाला दाखवणारे. आहेत का असे कुणी इथं? — नाही, हात वर करू नका, मला दिसतायत.

लेकीचं नाव प्रणिता, नववीत होती. शाळा सुटली की गल्ल्यामागं बसायची. आता स्टँडावर काय असतं? गाडीची वाट बघणारी माणसं. आणि वाट बघणारा माणूस बोलतो हो! सासरी परतावं की नाही हे ठरेना म्हणून गाडीमागून गाडी सोडणारी बाई. नोकरीच्या शेवटच्या फेरीला निघालेला कंडक्टर. प्रणिता ऐकायची आणि लिहायची. लिहिता लिहिता पुस्तकाएवढ्या गोष्टी झाल्या. आणि प्रत्येक गोष्टीत मधेच आई यायची, चहाचा कप पुढं सरकवून म्हणायची, "बस की गं बाई, गाडी काय पळून चालली व्हय? च्या घे आदी, मग रड."

पोरीच्या मनानं घेतलं, याचं पुस्तक व्हायला पाहिजे. गुरुजींना कोण आनंद झाला! कॉम्प्युटर त्यांच्याकडं. म्हणाले, आण इकडं, मी टाइप करतो, पुण्याला प्रकाशकांकडं पाठवतो. पोरीनं विश्वासानं दिलं.

आणि इथं घोटाळा झाला, मंडळी. गुरुजींनी टाइप करता करता हात फिरवला! प्रेमानं बरं का, वाईट मनानं नाही. निबंधाला फिरवतात तसा. सूर्य उगवला की तो सहस्र किरणांनी उगवला. आणि शकूताई काय बोलली माहीत आहे? "हे भगिनी, क्षणभर विसावा घे. या उष्ण पेयाचे प्राशन कर, तदनंतर अश्रू ढाळ."

अहो, स्टँडावर असं कुणी बोललं तर गिऱ्हाईक कप टाकून पळेल!

पुण्याच्या प्रकाशक होत्या आगटेबाई. मुलांची पुस्तकं काढायच्या. त्यांचा फोन आला, थेट प्रणितासाठी. स्पष्ट सांगितलं, भाषा सुरेख आहे पण यात मुलगी कुठंच दिसत नाही, असलं पुस्तक मी छापणार नाही. पोरगी गोंधळली. मामानं काय पाठवलं ते तिनं तेव्हा पहिल्यांदा वाचलं. पानामागून पान.

गेली मामासमोर. म्हणाली, "मामा, माझ्या चुका तुम्ही काढा, शंभर काढा. पण आई बोलते तशीच बोलेल."

गुरुजींचा चेहरा उतरला. उभ्या आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. उठले आणि खोलीत गेले. त्या दिवसापासून घरात अबोला. जेवताना नुसता ताटवाट्यांचा आवाज. शकूताईच्या जिवाला घोर लागला, कारण डोक्यावरचं छप्पर त्याच माणसाचं होतं. तिनं लेकीला कॅन्टीनच्या मागं नेलं. म्हणाली, "माझं बोलणं गेलं तर जाऊ दे की. गावंढळच हाय ते. मामाचं मन मोडू नगंस."

प्रणिता म्हणाली, "मग पुस्तकच राहू दे, आई. पण निघालं तर तू त्यात तुझ्या तोंडानं बोलशील."

झालं! आता म्हणा, हट्टी आहे पोरगी. थांबा, घाई करू नका.

तिनं आपली मूळ पानं आगटेबाईंना पाठवली. वाटलं, आता बाई खूश होतील. कसलं काय! बाईंनी निम्म्या गोष्टी परत केल्या. म्हणाल्या, ही अर्धवट आहे, हिच्या शेवटी तू उपदेश करतेस, आणि ही काढूनच टाक. काढून टाकायची ती कोणती? पोरीची सगळ्यात लाडकी! पाण्याच्या टाकीमागं उभी राहून ती रडली. मग तोंड धुतलं आणि पुन्हा लिहायला बसली.

हट्टी माणूस काय म्हणाला असता? एक अक्षर बदलणार नाही! हिनं सुरुवाती बदलल्या, शेवट बदलले, लाडकी गोष्ट काढली. परत पाठवलं, परत आलं, परत लिहिलं. दिवाळी गेली, परीक्षा गेली, उन्हाळ्यात कॅन्टीनचा पत्रा तापला तरी बसलेलीच. सगळं बदललं, मंडळी. एक सोडून.

आणि बाईंनी अखेर होकार दिला, तेव्हा तो शेवटचा मजकूर हातात घेऊन ती कुणाकडं गेली? मामाकडं. म्हणाली, चुका तपासून द्याल का? गुरुजींनी लाल पेन काढलं. तपासत गेले. शकूताईचं वाक्य आलं की पेन थबकायचं. अख्खी हयात सवय होती हो त्या हाताला! पण पेन वर उचललं जायचं आणि पुढं सरकायचं. घामाघूम झाला तो माणूस.

पुस्तक निघालं. प्रकाशन कुठं? तिथंच, स्टँडावर. ड्रायव्हर, कंडक्टर, भजीवाला, सगळे जमले. एक गोष्ट वाचून दाखवायची म्हणून प्रणितानं पुस्तक मामाच्या हातात दिलं. गुरुजी खणखणीत आवाजात वाचायला लागले. ते वाक्य आलं. "बस की गं बाई, गाडी काय पळून चालली व्हय?" लोक खळखळून हसले, कारण प्रत्येकानं ते कधी ना कधी ऐकलेलं होतं. सासरी जावं की नाही हे न ठरलेली एखादी बाई ते वाक्य ऐकून तिथल्याच बाकड्यावर खरंच बसलेली होती.

शकूताई कपबश्या पुसत उभी होती. हात थांबला. म्हणाली, "दादा, ही तर मीच की."

गुरुजींना पुढची ओळ दिसेना. चष्मा काढला. भरल्या स्टँडावर बहिणीला म्हणाले, "होय, शके. आणि मी तुलाच खोडत होतो."

मंडळी, मिळालं उत्तर? हट्टाला सगळंच आपलं हवं असतं. निश्चयानं एक गोष्ट धरलेली असते, तेवढी राखायला तो बाकीचं सगळं सोडून देतो. आता दुसऱ्याकडं बघू नका, स्वतःकडं बघा. तुमच्या घरात एखादं पोर काहीतरी घेऊन तुमच्यासमोर उभं आहे. चित्र असेल, गाणं असेल, चार ओळी असतील. तुमचा हात लगेच शिवशिवतो. चांगल्या मनानंच शिवशिवतो, मला माहीत आहे. आज घरी गेलात की तो हात मांडीखाली दाबून बसा आणि त्याला म्हणा, वाच बाळा, मी ऐकतोय.

वाजवा आता टाळ, आणि ज्यानं प्रत्येकाला वेगळा आवाज दिला त्याचं नाव ज्याच्या त्याच्या आवाजात घ्या.