जाळीतला हात

एका डासानं मला भर सभेत घाम फोडलाय, खोटं वाटंल तुम्हाला. मुरगूडच्या पलीकडच्या एका गावात आमच्या लॅबचे डास सोडायचे होते. त्याआधी गावसभेत जाळीची पेटी ठेवून मी सांगत होतो, "ह्यात सगळे नर हायत. नर चावत न्हाईत. ह्यांच्या जनुकात असा बदल केलाय की ह्यांची पिल्लं मोठी व्हायच्या आधीच मरत्यात. मग डेंगूचा डास कमी हुतोय."

पुढं बसलेली एक म्हातारी उठली. तिची सून डेंगूनं गेलती.

"पावणं, चावत न्हाईत म्हणतासा, तर घाला की हात आत!"

घातला. तेवढ्यात मनगटावर टोचलं.

चावती ती मादीच. डास कोषात असतानाच थोराड माद्या वेचून काढायचं काम माझंच होतं. हात हलवला न्हाय. कुणाला काही दिसलं नव्हतं. पण म्हातारी माझ्या तोंडाकडंच बघत होती.

"चावलं न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. "एक मादी ऱ्हायली आत. चूक माझी. आज सोडत न्हाय."

सभेत गलका उठला. म्हातारीनं हात वर करून सगळ्यांना गप केलं.

"पोरा, परत नीट निवडून आण. पुढच्या खेपंला हात मी घालीन."