पुलापर्यंतची पावलं

आयाबायांनो, भावांनो, अमरावती-अकोल्याहून आलेल्या नातेवाइकांनो,

या विहारात सतरंज्या अंथरायला मी पुष्कळदा आले. बोलायला आज पहिल्यांदाच उभी आहे. शब्द अडकले तर सांभाळून घ्या.

मी वंदना. शोभाबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. नांदगाव पेठच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होत्या. डॉक्टर म्हणाले, शुगर वाढली, चालत जा. बाई चालल्या. मग एक दिवस पळायलाच लागल्या. साडीवर, पायात पोराचे, प्रवीणचे, जुने बूट. गल्ली हसली. तुम्ही हसलात, मी हसले. बाईही हसल्या, पण थांबल्या नाहीत.

दिवाळीनंतर आपण पाच-सहा जणी त्यांच्यासोबत निघायचो. आठवते ना? थंडी सरत आली की एकेक जण गळायची. सकाळी हुडहुडी, दुपारी चटका, आणि पहाटेची झोप अशी गोड, की गोधडी सोडवत नाही. उरायचो आम्ही दोघीच. खरं तर मीही उरले नसते. पण बाई दाराशी यायच्या.

"काहून वं वंदे, उठून नाही राहिली?"

"बाई, आज जिवावर आलं."

"मले बी आलं. जिवाले कोन इचारते? पळू नको. बूट घालून बस फक्त."

बूट घालून कोणी बसून राहतं का? निघायचोच.

त्या सकाळी धुकं होतं. हरभऱ्याच्या वावरापाशी बाई म्हणाल्या, "तू होय पुढं. मी येऊन राहिली." आवाज नेहमीसारखाच. मी पुढं झाले. मागं त्यांची पावलं. थप, थप, थप. थेट नाल्याच्या पुलापर्यंत. पुलावर मी थांबले. म्हटलंसुद्धा, "बाई, आज लई दम आहे तुमच्यात!" आणि मागं वळले.

रस्त्यावर कोणी नव्हतं.

तशीच उलटी धावत आले. बाई वावराच्या कडेला बसल्या होत्या. बाभळीला टेकून, डोळे मिटून. हात लावला आणि समजलं. शेजारच्या गव्हाला पाणी देणारे काका धावत आले. म्हणाले, "तू पुढं गेली, अन् ह्या लगेच खाली बसल्या. मले वाटलं, दम खाऊन राहिल्या."

लगेच बसल्या. मग पुलापर्यंत माझ्या मागं कोण होतं?

आपण भुताखेताला मानणारी माणसं नाही. मीही मानत नाही. प्रवीण म्हणाला, "काकू, तुमच्याच पावलांचा आवाज असन. धुक्यात होते तसं." असेल. पोरगं शिकलेलं आहे, त्याची आई गेली आहे, आणि तरी तो माझी समजूत काढतो. असेल त्याचं बरोबर.

मी बूट माळ्यावर टाकले. पण पहाटे जाग येतेच. दाराशी कोणी बोलत नाही. ते न बोलणं इतकं मोठं असतं, की झोपलेल्या घरात कोणाला कसं ऐकू येत नाही, याचंच नवल वाटते.

परवा बूट खाली काढले. घातले. बसले. मग निघाले.

हरभरा आता सोंगून नेला आहे. वावर रिकामं. तिथवर पोचले. आणि मागून आवाज आला. थप, थप. वाटलं, आता सरळ घर गाठावं. नाही गाठलं. मागं वळूनही पाहिलं नाही. पाय जरा हळू केले, त्यांना दम लागू नये म्हणून.

तुम्ही विचाराल, वंदे, तुले भेव नाही वाटत?

वाटते. लई वाटते. पण एखाद्या सकाळी तो आवाज आलाच नाही तर? त्याचं भेव जास्त वाटते.

बस. यापुढं माझ्यानं बोलवणार नाही.

सगळ्यांनी उभं राहावं. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. गप्प राहणं बाईंना जन्मात जमलं नाही. त्यांच्यासाठी आज आपण जमवून पाहू.

बाई, जयभीम.