मुलाची छत्री

ह्यूस्टन विमानतळावर ब्राझीलच्या विमानाची वाट बघताना वैदेहीला शेजारच्या वयस्कर जोडप्याचं मराठी बोलणं ऐकू आलं.

"सिक्युरिटीवाली काय विचारत होती हो?"

"ही एवढीशी छत्री लहान मुलाची आहे का म्हणून."

"मग?"

"यस म्हटलं. मुलाचीच तर आहे."

"दर वर्षी बोलवायचा. आई, कार्निव्हलला या, माझा फ्रेवो बघा, छत्री घेऊन कसा उड्या मारत नाचतो ते."

"तुझ्या गुडघ्यांमुळे राहूनच गेलं, मालिनी."

"आणि आता तो गेल्यावर निघालोय."

"त्याचा ग्रुप नाचणार आहे, ही छत्री घेऊन."

"मला बघवेल?"

"नाही बघवलं तर डोळे मिटून घे. मी सांगत जाईन."

"तुम्हाला सांगवेल?"

बोर्डिंग सुरू झालं, तशी नवऱ्यानं मालिनीला दंडाला धरून उठवलं.