गाठीचं खाणं

डॉक्टर: आज केमो देता येणार नाही. वजन पुन्हा उतरलंय, अंगात त्राण नाही. जेवण जात नाही का, आजी?

आई: तोंडाची चवच गेलीय हो. ताट पुढ्यात आलं की नको वाटतं.

डॉक्टर: केमोच्या जोडीला ती नवी गोळी सुरू केली, तेव्हापासूनच हे दिसतंय. सोसत नसेल तर बंद करू.

मुलगा: गोळी नका बंद करू, डॉक्टर.

आई: तू गप्प बस. माझी भूक मेलीय, सांगतेय ना मी.

मुलगा: भूक मेलेली नाही. मीच तिला खाऊ देत नाही.

डॉक्टर: म्हणजे?

मुलगा: गाठीला वाढायला चरबी लागते, गोळी तीच तोडते, असं म्हणाला होतात. म्हटलं, मग आपण कशाला पुरवायची? तेल, लोणी, अंडी, दाणे, सगळं बंद केलं. नुसतं उकडलेलं देतो.

डॉक्टर: अहो, ती गोळी गाठीच्या पेशींना चरबी बनवू देत नाही. त्या कमजोर पडल्या की केमोचा घाव नीट बसावा, एवढंच. ताटातल्या तेलाशी तिचं भांडण नाही. आजींना उपाशी ठेवलं तर आधी आजीच खंगतात. एक फोन करायचा होतात मला.

मुलगा: (खाली बघत) लाज वाटली. तुम्ही समजावलंत तेव्हा सगळं कळल्यासारखी मान डोलावली होती.

डॉक्टर: मीही घाईत सांगितलं असेल.

मुलगा: मावशीनं हिला लोणी लावून पाव दिला, तो मी हातातून हिसकावला. मावशीसमोर. वर म्हणालो, जिभेचे चोचलेच पुरवायचेत तर दवाखान्यात हेलपाटे कशाला घालतेस.

आई: घरची धुणी इथं नको धुऊस.

मुलगा: आणि ही माझ्यासाठी तुमच्याशी खोटं बोलली.

डॉक्टर: गोळी चालू ठेवा. काय खायचं ते आमच्या आहारतज्ज्ञ सांगतील. पुढच्या आठवड्यात बघू, मग केमो.

आई: एवढ्यात गाठ वाढली असेल का हो?

डॉक्टर: तपासल्याशिवाय नाही सांगता येणार.

मुलगा: आई, मी...

आई: ऊठ. खाली कॅन्टीन आहे. माझ्यापायी तूही तेच उकडलेलं गिळतोयस, मला काय दिसत नाही?