दोन पट्टे आणि सोसायटीचा टँकर

दिनांक १४ मे २००७, सोमवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

माझे नाव राघो भिकाजी धनावडे, वय ५१ वर्षे, धंदा नोकरी, औषध कंपनीत स्टोअरकीपर, राहणार सिल्व्हर पार्क, मिरा रोड पूर्व, मूळ गाव तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी. बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात आलो असून, कोणाचा दबाव नसताना आणि बसायला दिलेल्या स्टुलाचा एक पाय आखूड असताना सांगतो ते येणेप्रमाणे.

प्रथम तारखांबाबत. मी व माझा शेजारी धम्मपाल खिल्लारे, वय ५३, टेलिफोन खात्यात नोकरी, अशा दोघांनी सन २००४ मध्ये एक जुनी पांढरी डिझेल गाडी भागीत घेतली. सम तारखा माझ्या, विषम त्याच्या, असे ठरले. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते व दोन्ही विषम असतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. असे वर्षातून सात वेळा होते, लीप वर्षात आठ वेळा. हा अन्याय मी तीन वर्षे मुकाट्याने सोसला. तो कुठेतरी नोंदला जावा म्हणून इथे सांगत आहे. हवालदारसाहेबांनी विचारले, हे लिहायलाच पाहिजे का. मी हो म्हणालो.

धम्मपालची मुलगी रश्मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आहे. डॉक्टरांनी वीस मे तारीख दिली होती. वीस ही सम तारीख आहे. त्यामुळे तिला हॉस्पिटलात मी नेणार, हे उघड होते, त्यावर चर्चा झाली नाही. मी मागची सीट धुऊन घेतली. दोनदा धुतली. मला मूलबाळ नाही. हे विचारले म्हणून सांगितले.

सोसायटीच्या फाटकासमोर वाल्मिक या मेकॅनिकचे गॅरेज आहे. मेच्या पहिल्या तारखेला त्याने सांगितले, "काका, टायमिंग बेल्टचे किलोमीटर संपलेत. हा पट्टा चालता चालता तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन उघडावं लागतं, गाडी रस्त्यात उभी. पट्टा, टेन्शनर, बेअरिंग, सगळा किट एकदम टाका." किट कंपनीचा घ्यायचा की बाहेरचा, एवढेच ठरवायचे होते. त्याला अकरा दिवस लागले.

धम्मपालचे म्हणणे कंपनीचाच. माझे म्हणणे बाहेरचा. मी म्हणालो, "धम्मा, कंपनी काय रबराची झाडं लावते का? त्याच कारखान्यातून पट्टा घेते, वर आपला छाप मारते." तो म्हणाला, "राघोभाऊ, मग तुझ्या औषध कंपनीनं पण डब्यावर नुसता छाप मारू दे. आत खडीसाखर." हे बोलणे जिन्यात झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी दार लावून घेतले.

बारा मे, शनिवार, दुपारी साडेतीनला मी गॅरेजमध्ये गेलो. माझ्या पिशवीत कंपनीचा किट होता, होलोग्रामसह. मी बाहेरच्याच्या बाजूने असताना कंपनीचा का घेतला, असे हवालदारसाहेबांनी विचारले. कारण नाही. वीस तारीख जवळ आली होती.

धम्मपाल आधीच तिथे होता. त्याच्या हातात केबिन रोडच्या दुकानातून आणलेला बाहेरचा किट होता. तो म्हणाला, "तुला परवडेल तेच आणलंय." जानेवारीपासून माझी कंपनी मला आठवड्याला तीनच दिवस बोलावते. हे मी कोणाला सांगितलेले नाही. त्याला कोणी सांगितले, माहीत नाही.

वाल्मिक म्हणाला, "मग भांडण मिटलं ना? घ्या अदलाबदल करून." आम्ही खोकी बदलली. त्यामुळे प्रत्येकाच्या हातात त्याच्या मूळ मताचा किट आला व भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. दरम्यान वाल्मिकने जुना पट्टा कटरने कापून काढला होता.

मजबुती तपासावी असे ठरले. कोणाच्या डोक्यातून निघाले, ते दोघांनाही आठवत नाही. मी बाहेरचा पट्टा सोसायटीच्या फाटकाला अडकवून पाय लावून ओढला. धम्मपालने कंपनीचा पट्टा विजेच्या खांबाला पीळ देऊन गुंडाळला. वाल्मिक आतून ओरडत आला, "अहो दुमडू नका! दुमडला की गेला तो! आतले दोरे तुटतात!" तोवर दोन्ही गेले होते. पट्टे तुटले नाहीत, ही गोष्ट दोन्ही कारखान्यांच्या बाजूने नोंदवावी.

त्याच वेळी सोसायटीचा पाण्याचा टँकर गल्लीत शिरून हॉर्न देत होता. गाडी जॅकवर आडवी असल्याने तो पुढे येऊ शकत नव्हता. तो मागे अडल्याने रिक्षाही आत येऊ शकत नव्हती. चार वाजून पाच मिनिटांनी धम्मपालच्या पत्नी वैजयंताबाई गॅलरीतून ओरडल्या, "अहो, पोरीला कळा सुरू झाल्यात! गाडी काढा!"

धम्मपाल माझ्याकडे बघू लागला. मी गाडीकडे बघितले.

टँकरचा ड्रायव्हर रामू म्हणाला, "देखते क्या हो, चाचा? बिठाओ केबिन में." रश्मी खाली आली. वर चढताना मला म्हणाली, "काका, सीट धुतली होती ना तुम्ही?" मी केबिनचे दार धरून उभा राहिलो. ती व वैजयंताबाई केबिनमध्ये बसल्या. आम्ही दोघे मागच्या शिडीला लटकलो. झाकण सैल होते. भाईंदरपर्यंत आम्ही भिजत गेलो.

हॉस्पिटलात दोन दिवस पाणी नव्हते. टँकर बघून सिस्टर म्हणाल्या, "आलात एकदाचे!" व त्यांच्या माणसाने लगेच पाइप लावला. हे पाणी सोसायटीचे आहे, असे मी सांगायला हवे होते. आतून रश्मीचा आवाज येत होता. सांगितले नाही.

रात्री आठ चाळीसला मुलगी झाली. वजन तीन किलो. तिला पहिली अंघोळ सदर टँकरच्या पाण्याने घातली, हे खरे आहे. तारीख बारा, म्हणजे सम होती. धम्मपाल मला म्हणाला, "तुझाच दिवस होता, भाऊ."

सोसायटीच्या सेक्रेटरी हंसाबेन, चौथा मजला, यांनी आम्ही कट करून टँकर पळवला अशी तक्रार दिली आहे. त्यांचा मुलगा दिपेश याचा साखरपुडा रविवारी घरीच होता. शनिवारी रात्री त्या मला जिन्यात म्हणाल्या, "राघोभाई, घरमां त्रीस मेहमान छे! हात धुवायला पण पाणी नाय, आणि तुम्ही टँकरवर बसून फिरता?" कट नव्हता. फिरलो हे मान्य.

गाडीत तिसरा किट वाल्मिकने स्वतः आणून बसवला. कोणता, ते तो सांगत नाही. आम्ही विचारलेले नाही.

रविवारी पहाटे पाच ते साडेसहा, खालच्या नळाचे पाणी मी व धम्मपालने हंसाबेनच्या दारात नेऊन ठेवले. बारा बादल्या. बेल वाजवली नाही. हे त्यांना माहीत नाही व जबाबात लिहू नये, ही विनंती.

वरील सर्व मजकूर हवालदारसाहेबांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवला. तो मी ऐकला, तसाच बाहेर बाकावर बसलेल्या हंसाबेननीही ऐकला. त्या आत आल्या व म्हणाल्या, "बार नाय, अग्यार. एक जिन्यात सांडली, मी दाराच्या भोकातून जोयुं." धम्मपालच्या हातून सांडली होती, पण ते लिहू नये.

दुरुस्ती मला मान्य आहे. बारा ऐवजी अकरा वाचावे. राहिलेली एक बादली आज घरी गेल्यावर चौथ्या मजल्यावर पोचवीन. एवढा बदल धरून जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही केली.