सासूबाईंच्या नावाचा दगड

दातांच्या दवाखान्यात शेजारी एक सासूबाई आणि त्यांची सून बसल्या होत्या. सून परग्रहावर फिरणाऱ्या यंत्रगाडीकडून तिथल्या दगडांतली खनिजं तपासून घेते, हे पाच मिनिटांत साऱ्या दवाखान्याला कळलं होतं.

“आई, आम्ही प्रत्येक दगडाला नाव देतो. एकाला तुमचं दिलंय.”

“अगंबाई! दिसायला कसा आहे?”

“देखणा. पण फार कठीण. ड्रिलची दोन टोकं मोडली.”

“माझ्यावर?”

“दगडावर. आता एकच टोक उरलंय. उद्या तेही मोडलं, तर आमचं सगळं काम थांबेल.”

“ड्रिल लावता कुठून?”

“समोरून.”

“तिथंच चुकतं तुमचं. तुझे सासरे चाळीस वर्षं कडेकडेनंच विषय काढतात.”

सुनेनं फोन काढला.

“सर, उद्याची जागा बदलायची का?”